शोणाची बाजू कोण मांडणार?

आपल्या मराठी घरांत, मग ते इंदूरचे असो वा बडोद्याचे, ‘मृत्युंजय’विषयी उणा शब्द काढणे म्हणजे धाडसच. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. प्रस्तुत लेखकाने ती महाविद्यालयात असताना झपाटल्यासारखी वाचली आणि शेवटच्या पानांवर डोळेही पुसले. सेवानिवृत्तीनंतर ती पुन्हा हाती घेतली, तेव्हा मात्र मन कर्णापाशी थांबेना. ते वारंवार त्याच्या धाकट्या भावाकडे, शोणाकडे वळू लागले.

कादंबरीची रचना वरकरणी मोठी उदार आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा निवेदक तिला लाभले आहेत. परंतु ही सहा माणसे बोलतात कोणाविषयी? कुंतीचे दुःख कर्ण, वृषालीचे सुख कर्ण, शोणाचे आयुष्यच कर्ण. दुर्योधन आपला स्वार्थ सांगतो, तोही कर्णाच्या बाहुबळाच्या आधाराने. साक्षीदार सहा आणि जबानी एकच, असा हा प्रकार आहे. निवेदनाचा अधिकार मिळाला म्हणजे पात्राला स्वतंत्र आयुष्य मिळाले, असे होत नाही.

याचे कारण नायकाच्या सामर्थ्यात आहे. कर्ण शूर, दानी, सुंदर, निष्ठावंत आणि वचनाचा पक्का. त्याचे अपयशही बहुधा शापाच्या, कपटाच्या नाहीतर दैवाच्या खाती जमा होते. ज्याच्यात स्वतःची अशी उणीव नाही, त्याला दुसऱ्याची गरज ती काय? मग भोवतालच्या माणसांना विस्मय करणे, अश्रू ढाळणे आणि वाट पाहणे एवढीच कामे उरतात.

व्यासांनी असे केले नव्हते. वनपर्वातील घोषयात्रा आठवावी. चित्रसेन गंधर्वाच्या सैन्यापुढे कर्णाचा रथ मोडतो आणि तो विकर्णाच्या रथावर चढून रणातून निघून जातो. दुर्योधन बंदी होतो आणि त्याला सोडवतात ते वनवासी पांडव. या लाजेने दुर्योधन प्राणत्यागाला बसतो, राज्य दुःशासनाच्या हाती सोपवू पाहतो. आणि द्रौपदीच्या वस्त्राला हात घालणारा तोच दुःशासन भावाचे पाय धरून रडतो, राज्य नको म्हणतो. नायक कमी पडला म्हणून मित्राची लाज दिसली आणि एका खलपुरुषाचे बंधुप्रेमही दिसले. कर्ण तेथे जिंकला असता, तर या दोघांच्या अंतरंगाचे हे दार उघडलेच नसते.

आता शोणाचा प्रश्न. मूळ भारतात अधिरथाच्या इतर पुत्रांना जवळजवळ स्थानच नाही. सावंतांनी शोणाला भाऊ म्हणून उभे केले, निवेदकाचा मान दिला, हे त्यांचे श्रेय निःसंशय. कर्णाच्या रथामागे जिवाच्या आकांताने धावणारा तो लहानगा शोण कोणता वाचक विसरेल? माझी तक्रार एवढीच, की तो पुढेही मनाने रथामागेच धावत राहिला.

वास्तविक ‘सूतपुत्र’ या शब्दाचा खरा धनी शोणच. कर्ण हा सूर्यपुत्र. त्याच्यावरील अन्याय हा एका अर्थी ओळखीचा घोळ आहे. क्षत्रियाला सूत समजले गेले, म्हणून आपण हळहळतो. परंतु जो जन्माने खरोखरच सूत आहे, ज्याला ना कवच ना कुंडले, त्याच्या अवहेलनेचे काय? त्याच्या बाजूने कोणता सूर्य उभा राहणार? कर्ण जितका अलौकिक होत जातो, तितके आपण नकळत असे मानू लागतो की, न्यायाचा अधिकार अलौकिकांनाच आहे. सामान्याचा अपमान मग अपमानच वाटेनासा होतो.

यावर असे म्हटले जाईल की, उपेक्षितांना या कादंबरीने बळ दिले. ते मला मान्य आहे, आणि त्या वाचकांच्या भावनेचा मी अनादर करणार नाही. पण बळ मिळण्यासाठी माणूस अजिंक्यच का असावा लागतो? इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ही त्याच सुमाराचे. त्यांनी कर्णाच्या उणिवा न लपवता त्याची व्यथा मांडली. आणि गांधारी, कुंती, विदुर, द्रौपदी यांनाही त्यांचे त्यांचे आयुष्य दिले. त्यामुळे कर्ण लहान झाला नाही, उलट आपल्यातला झाला.

शासकीय सेवेत असताना एका अत्यंत कर्तबगार वरिष्ठांच्या हाताखाली मी काम केले. प्रत्येक फाईल ते स्वतः तपासत, प्रत्येक तक्रार स्वतः ऐकत. जिल्ह्यात त्यांचे नाव होते. आम्ही सारे एकच वाक्य शिकलो होतो : ‘साहेब बघतील.’ त्यांची बदली झाली आणि पहिल्याच अतिवृष्टीत आमच्यापैकी कोणालाही साधा निर्णय घेता येईना. दोष आमचाही होताच. पण त्या सावलीत आमची वाढ खुंटली होती, हेही खरे. एकखांबी तंबूत खांबाचे कौतुक होते आणि खांब हलला की आत बसलेले उघड्यावर पडतात.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या संस्था याच वळणावर उभ्या आहेत. एक चिटणीस मरेपर्यंत राबतो, बाकीचे टाळ्या वाजवतात आणि त्याच्यामागे वाचनालयाला कुलूप लागते. ही सवय आपल्याला एखाद्या कादंबरीने लावली, असा आरोप मी करीत नाही. पण आपल्याला प्रिय असलेल्या कादंबरीत ती सवय गौरवाने नांदते आहे, हे सांगितलेच पाहिजे.

‘मृत्युंजय’ पुन्हा वाचावी, जरूर वाचावी. फक्त या वेळी रथाकडे न पाहता रथामागच्या धुळीकडे पाहावे. तेथे कोणीतरी धावते आहे. त्याला रथात घेणारा लेखक मराठीला हवा आहे. निदान त्याच्यासाठी थांबणारा वाचक तरी आपण व्हावे.