हिवाळा, मीठ आणि कुत्र्याचे पंजे

कॅनडातील शहरांत बर्फ वितळवण्यासाठी पदपथांवर मीठ टाकण्याचे दिवस आले असून, मंडळाच्या ज्या सभासदांकडे कुत्रा आहे त्यांनी त्याच्यासाठी बूट निवडताना थंडीपेक्षा या मिठाचा विचार आधी करणे अगत्याचे आहे. उष्ण प्रदेशातून आलेल्या माणसाला बर्फात अनवाणी चालणाऱ्या प्राण्याचा कळवळा येणे स्वाभाविक असले, तरी कुत्र्याच्या पंजाची घडण बरीच थंडी सोसणारी असते. पंजाखालच्या मांसल गाद्यांमध्ये उबदार रक्त आणणाऱ्या धमन्या आणि थंड रक्त परत नेणाऱ्या शिरा एकमेकींना इतक्या लगटून असतात, की परतणारे रक्त वाटेतच तापते आणि शरीराची ऊब टिकून राहते. ही रचना जपानी संशोधकांनी २०११ साली सविस्तर दाखवून दिली. लहान चणीच्या, आखूड केसांच्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्यांना मात्र कडाक्याच्या थंडीत ती पुरेशी पडत नाही.

मिठापासून पंजाला असे कोणतेही नैसर्गिक संरक्षण नाही. साधे मीठ उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास फारसे काम करीत नाही, म्हणून त्याहून कडक थंडीत अनेकदा कॅल्शियम क्लोराइड हा क्षार वापरतात, जो ओलाव्यात विरघळताना उष्णता बाहेर टाकतो. त्याचा खडा बोटांच्या बेचक्यात अडकला की त्वचेचा दाह होतो, गाद्यांना भेगा पडतात, आणि घरी आल्यावर कुत्रा पंजे चाटतो तेव्हा तोच क्षार पोटात जातो.

अलास्कात १९७३ पासून होणाऱ्या इडिटारॉड या सुमारे १,६०० किलोमीटरच्या घसरगाडी शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट बाळगणे नियमानेच बंधनकारक आहे. ते बूट म्हणजे तळवा नसलेल्या साध्या कापडी पिशव्या असतात, कारण तेथे पंजे वाचवायचे असतात ते खरखरीत बर्फापासून आणि बोटांत साचणाऱ्या गोळ्यांपासून. शहरात खारट चिखल आत झिरपू न देणारे बूट हवेत. फुग्यासारख्या पातळ रबरी बुटांत कुत्र्याला जमिनीचा स्पर्श कळतो आणि पाणीही शिरत नाही. परंतु कुत्र्याला पंजाच्या गाद्यांतून घाम येतो व तो या बुटांत कोंडून राहतो, त्यामुळे ते छोट्या फेरीपुरतेच घालावेत. लांब फेरीसाठी तळवा असलेले बूट घ्यावेत, मात्र तो हाताने सहज वाकणारा असावा.

मापात झालेली चूक सर्वांत महाग पडते, कारण घट्ट बूट रक्तप्रवाह अडवतो आणि सैल बूट फिरून त्वचा सोलतो. कुत्र्याला कागदावर उभे करून, त्याचा भार पंजावर असतानाच बाह्यरेषा काढावी, आणि पुढचे पंजे बहुधा मागच्यांपेक्षा रुंद असल्याने दोन्ही मापे वेगळी घ्यावीत. पायाच्या आतल्या बाजूस वर असलेल्या सुट्या नखावर पट्टा येऊ देऊ नये. अनेक घरांत दुपारची फेरी भारतातून आलेले आजी-आजोबा मारतात. सांधे आखडलेल्या बोटांना रबरी बूट ताणून चढवणे जड जाते, म्हणून अशा घरांनी रुंद वेल्क्रो पट्ट्याचेच बूट घ्यावेत.

सवय घरातच, आधी एकाच पायात काही मिनिटे बूट घालून लावावी. तरीही कुत्रा बूट झुगारत असेल, तर बळजबरी न करता निघण्यापूर्वी पंजांना खास मेणाचे मलम लावावे, आणि परतल्यावर दारातच कोमट पाण्याने पंजे धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात.