ट्रायल घ्या, मग गिअरबॉक्स उतरवा

इंदूरमधल्या कुठल्याही वर्कशॉपचं बिल काढून बघा. पार्ट्स, लेबर, ऑइल, वॉशिंग, जीएसटी, प्रत्येकाला स्वतंत्र ओळ असते. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला किती वेळ गेला आणि त्याचे किती झाले, ही ओळ सहसा नसते. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते कोण करणार? मग ‘गाडी आवाज करते’ म्हटलं की थेट एस्टिमेट हातात पडतं, आणि गाडी ऑटोमॅटिक असली तर आकडा लाखात जातो.

माझी नोकरीची वर्षं पीथमपूरला गिअरबॉक्सच्या टेस्टिंगमध्ये गेली. जुळणी झालेला बॉक्स रिगवर चढवायचा, एकेक गिअर टाकायचा आणि ऐकायचं. कंपनं मोजायला यंत्र होतंच, पण शंका आली की आमचे जुने फोरमन लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला टेकवून मूठ कानाशी धरत आणि कुठलं बेअरिंग ते सांगत. आता कॉलनीतले आणि नात्यातले लोक ‘काका, जरा ऐकता का?’ म्हणत गाडी दारात आणतात. त्यावरून सांगतो, गिअरबॉक्सच्या माथी मारले जाणारे बरेच आवाज त्याचे नसतातच.

सुदामा नगरातल्या माझ्या भाचीचंच घ्या. लिव्हर डीवरून आरवर नेला की ‘ठक्क’. एका वर्कशॉपने ट्रायल न घेताच अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला. आम्ही बॉनेट उघडलं. तिने ब्रेक घट्ट दाबून लिव्हर डी, आर, डी असा फिरवला आणि मी बाजूला उभा राहून बघत होतो. (बाजूलाच उभं राहायचं, गाडीसमोर कधीच नाही.) प्रत्येक वेळी इंजिन एका अंगावर उसळत होतं. माउंटिंगचं रबर फाटलेलं. इथले मिस्त्री त्याला फाउंडेशन म्हणतात. ते बदललं, ठक्क गेलं.

वेग वाढेल तशी वाढणारी घूंऽऽ अशी घरघर आली की संशय पहिला गिअरबॉक्सवर जातो. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे घेऊन बघावं. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, तेव्हाच घरघर वाढली तर डाव्या चाकाचं बेअरिंग बघा. डांबरावरून काँक्रीटवर जाताच आवाज बदलला तर टायर. मैदानात पूर्ण वळण घेताना कट-कट-कट आलं तर एक्सलचा बाहेरचा सांधा, आणि बहुतेकदा त्यावरचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसतं.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिक गाडीत कधी कधी साधारण ६० च्या वेगाला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका असताना, रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर येते. मिस्त्री प्लग बदलतो, कॉइल बदलतो, थरथर जात नाही. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. त्याने कन्व्हर्टरचं लॉक सुटतं. त्याच क्षणी थरथर थांबली तर दोष प्लगचा नाही, त्या लॉकचा, आणि पुष्कळदा गिअरबॉक्सचं जुनं ऑइल बदलूनही भागतं. ऑइल मात्र कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं आणि त्याची पातळी ठरलेल्या तापमानालाच बघायला हवी. अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, म्हणून कोणी बघत नाही.

एएमटीची गोष्ट वेगळी. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि हे स्वस्तातलं ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या दारात उभं राहिलं. आत साधाच गिअरबॉक्स, साधीच क्लचप्लेट; फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांच्या जागी यंत्र. काही गाड्यांत दार उघडताच ‘झूं’ असा आवाज येतो, तो त्या यंत्राच्या पंपाचा. घाबरायचं कारण नाही. घाबरावं ते शास्त्री ब्रिजच्या चढावर, जिथे लोक ट्रॅफिकमध्ये ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. प्लेट घासते, जळते, आणि सहा महिन्यांनी ‘गाडी उचलताना झटके देते’ ही तक्रार येते. तिथे क्लच बदलावा लागेल. गिअरबॉक्सचा काय गुन्हा?

स्कॅनर लावला की झालं, असं नव्या पोरांना वाटतं. पी०७०० हा कोड आला की चेहरे पडतात. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी नोंदवलंय, आत जाऊन वाचा. आत जायला कंपनीची माहिती लागते आणि ती बाहेरच्या गॅरेजला सहजी मिळत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेर मिळू न दिल्याबद्दलच. प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. तिथे कस्टमर केअरचे नंबर देऊन काय उपयोग? कोडचे अर्थ आणि तपासणीची पद्धत द्या.

आवाजावरून दोष ओळखणं इंदूरला परकं नाही. गिअर नसलेली कायनेटिक होंडा स्कूटर ऐंशीच्या दशकात पीथमपूरलाच बनू लागली, तिच्या पट्ट्याचा आवाज ओळखणारे कान इथे होते. आज त्याच पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. नव्या गाड्या तिथे फेऱ्यांवर फेऱ्या मारतात, आणि शहरात पंधरा मिनिटांची ट्रायल घ्यायला कोणाला सवड नाही.

दोष आपलाही आहेच. जॉब कार्डवर आपण ‘गिअरमध्ये आवाज’ एवढंच लिहून देतो. थंड असताना की तापल्यावर, किती वेगाला, वळताना की सरळ, हे लिहा. ट्रायलला सोबत बसा. आणि ट्रायलचे पैसे द्या. लसूडियाच्या एका चांगल्या मिस्त्रीला मी हे म्हटलं, तर हसून म्हणाला, “भिया, सुनने के पैसे कौन देता है?”

इलेक्ट्रिक गाडी घेतली की ही कटकट संपेल, असं शेजारी म्हणतात. बेअरिंग तिलाही आहेत, गिअरची एक जोडीही बहुतेक असते, आणि इंजिनचा आवाज नसल्याने बारीक शीळसुद्धा कानात घुसते.

लसूडियाच्या मिस्त्रीने अखेर भिंतीवर पाटी लावली: ट्रायल ३०० रुपये, काम इथेच केलं तर बिलातून वजा. पहिल्याच आठवड्यात दोन गिऱ्हाइकं भांडून गेली म्हणे. पाटी अजून आहे.