मिठूला सांभाळणार कोण?

 

मागच्या अंकात गॅलरीतल्या कुंड्यांविषयी लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र कुंड्यांवर येऊन बसणाऱ्या पोपटांविषयी! एका मुलाने विचारलंय, "आमच्या बिल्डिंगसमोरच्या खजुराच्या झाडात पोपटाची पिल्लं आहेत, एक घरी आणू का?" आणि एका आजींनी थरथरत्या पण सुंदर मराठी अक्षरात लिहिलंय की मिठू अकरा वर्षं माझ्याकडे आहे, आता मुलगा मला बेत आवोतमध्ये ठेवायचं म्हणतोय, तिथे पिंजरा चालत नाही, तर मी काय करू? दोन्ही पत्रांचं उत्तर शेवटी एकच निघतं, म्हणून या वेळची सगळी जागा पोपटालाच दिली आहे.

आधी मुलाचा प्रश्न. बेटा, ते पिल्लू आणू नकोस. इथे हिब्रूत ज्याला द्रारा म्हणतात तो हिरवा, लाल चोचीचा पोपट म्हणजे आपला कोकणातला राघूच. पिंजऱ्यातून सुटलेल्या पोपटांची पिढ्यान् पिढ्या वाढलेली ही प्रजा, आणि आज तेल अवीवच्या यार्कोन पार्कात तुम्हाला थव्याने दिसेल. आपली साळुंकी पण 1990 च्या दशकाच्या अखेरीला अशीच सुटली आणि आता देशभर पसरली आहे. म्हणजे भारतातून आलियाह करणारे आपण एकटेच नाही, असं आमचे शेजारी हसून म्हणतात. पण यात एक काळजीची गोष्ट आहे. द्रारा झाडाच्या ढोलीत घर करतो, आणि दुखिफत, म्हणजे हुदहुद, तोही ढोलीतच घर करतो. 2008 साली लोकांनी मतं देऊन ज्याला इस्रायलचा राष्ट्रीय पक्षी केलं, त्या बिचाऱ्याला पोपट घरातून हुसकून लावतात. शेतातलं सूर्यफूलही खातात. म्हणून कंटाळा आला की पाळलेला पोपट खिडकीतून सोडून द्यायचा, हा उपाय मनात आणू नका. राघू कदाचित जगेल आणि दुसऱ्याचं घर बळकावेल. जाको किंवा कोकाटील असला तर उपाशी मरण्याचीच भीती.

मग ज्यांच्या घरी पोपट आहेच त्यांनी काय करावं?

पोपट थव्यात राहणारा जीव आहे, हे पहिल्यांदा ध्यानात ठेवायचं. रानात तो एक मिनिट एकटा नसतो. घरात आला की आपण त्याचा थवा. सकाळी तो ओरडतो ते त्रास द्यायला नाही, "कुठे आहात सगळे?" असं विचारतो. आपण आतून शीळ घातली किंवा "आले रे" म्हटलं की पुष्कळदा गप्प होतो. करून बघा. पण सगळे कामाला गेले, शाळेला गेले आणि पिंजरा दिवसभर सलोनच्या कोपऱ्यात एकटा राहिला, तर तो पक्षी आपलीच पिसं उपटायला लागतो. छाती उघडी पडते. लोक मग मलम शोधतात. डॉक्टरला दाखवायला हवंच, कारण कधी खरा आजार असतो. पण कितीतरी वेळा त्याला माणूस हवं असतं, दुसरं काही नाही.

आणि पोपटपंची म्हणून आपण ज्याला हसतो ती इतकी हसण्यासारखी नाही, मुलांनो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग नावाच्या बाईंनी अ‍ॅलेक्स नावाच्या एका जाकोला शिकवलं. तो रंग ओळखून नाव सांगायचा, सहापर्यंत वस्तू मोजायचा. 2007 साली तो गेला. आपला मिठू काही इतका शिकलेला नसेल, पण कोण घरात आलं आणि कोण बाहेर गेलं याचा हिशेब तो नक्की ठेवतो.

आता खाण्याचं. आपल्या लहानपणी रेवदंड्याला, अलिबागला, पेणला घराघरांत पोपट असायचे आणि त्यांना भिजवलेली चण्याची डाळ, पेरू आणि हिरवी मिरची मिळायची. मिरची त्याला तिखट लागत नाही, कारण पक्ष्यांच्या जिभेला मिरचीचा तिखटपणा कळतच नाही. जुनं खाणं तसं चांगलंच होतं. इथे मात्र मकोलेतमधून गरईनीम, म्हणजे सूर्यफुलाच्या बिया, आणायच्या आणि वाटी भरून ठेवायची अशी सवय लागली आहे. त्याला त्या फार आवडतात, आपल्याला भजी आवडतात तशा. पण रोज त्याच खाल्ल्या तर चरबी वाढते आणि काळीज बिघडतं. बिया थोड्या द्याव्यात. त्यासोबत हिरवी पालेभाजी, गाजर, भोपळी मिरची, सफरचंदाची फोड बिया काढून, शिजलेला भात, मोड आलेले मूग. बिरड्याचे वाल मात्र कच्चे देऊ नका, मोड आलेले असले तरी नाही. कच्च्या वालात विष असतं, म्हणून तर आपणही ते नीट शिजवतो.

अवोकादोबद्दल वेगळं सांगते, कारण या देशात ते प्रत्येक टेबलावर असतं. अवोकादो पोपटाला विष आहे. पोळीला लावलेलं बोटभरसुद्धा देऊ नका. नातवंडं प्रेमाने भरवतात आणि दुसऱ्या दिवशी पक्षी मरून पडतो. चॉकलेट, कॉफी, खारवलेले दाणे, दारू हेही नाही. किद्दूशच्या वाईनमध्ये चोच बुडवू देण्याची गंमत करू नये.

दुसरी जागा स्वयंपाकघर. शुक्रवारी दुपारी एकाच वेळी चार चुली चालू असतात, मासे तळायचे, पुऱ्या तळायच्या, भात करायचा. अशा घाईत टेफ्लॉनचा रिकामा तवा आचेवर राहून तापला तर त्यातून जो वायू निघतो तो आपल्या नाकाला समजतही नाही, पण पोपट काही मिनिटांत मरतो. पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी जोराने हवा खेचतात. म्हणून तर कोळशाच्या खाणीत पूर्वी कॅनरी पक्षी नेत असत. पिंजरा स्वयंपाकघराजवळ ठेवूच नये. उदबत्ती, फवाऱ्याची अत्तरं, झुरळांचं औषध, सिगारेट, सगळ्याला तोच नियम.

शब्बाथचं विचारणारेही पुष्कळ असतात. पाळलेला पक्षी आपल्यावर अवलंबून आहे, म्हणून त्याला शब्बाथला दाणापाणी द्यायला हरकत नाही. उलट आपल्या विद्वानांनी ताल्मूदमध्ये, बेराखोतमध्ये, सांगून ठेवलंय की जनावराला घातल्याशिवाय माणसाने जेवू नये. याचा आधार शेमाच्या दुसऱ्या भागात आहे. तिथे आधी गुरांसाठी गवत येतं आणि मग आपलं जेवण. आपल्या वाडवडिलांनी कोकणात काय काय विसरलं असेल, पण शेमा विसरले नाहीत. मात्र शब्बाथला पक्ष्याला हातात उचलणं आणि सुटलेला पक्षी पकडणं हे प्रश्नाचं काम आहे, ते आपल्या रब्बींना आधीच विचारून ठेवा. शुक्रवारी मेणबत्त्या लावायच्या आधी ट्रे साफ करून, दार नीट लावून ठेवलं की प्रश्नच येत नाही.

पेसाहला, आपल्या जुन्या भाषेत अनाशी ढाकाच्या सणाला, जास्त सावध राहावं लागतं. पक्ष्यांच्या तयार मिश्रणात गहू, जव, ओट असतात, म्हणजे हामेस. घर घासून-पुसून काढायचं आणि पिंजऱ्याखाली हामेसचं पोतं, असं होतं. बाजरी, राळं, मका, तांदूळ, सूर्यफूल यांत हामेस नाही. पण सणाच्या आदल्या दिवशी अचानक खाणं बदलू नका. पोपट मोठा हट्टी, नवीन दाणा त्याला खाणंच वाटत नाही आणि तो भरल्या वाटीसमोर उपाशी बसतो. पुरिम झाल्या झाल्या जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळायला लागा, पेसाहपर्यंत तो रुळतो.

झोप त्याला दहा-बारा तास लागते, अंधारात. रात्री अकरापर्यंत टीव्ही चालणाऱ्या घरात पिंजऱ्यावर कापड टाकून तो दुसऱ्या खोलीत न्यावा. बसायला प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्याऐवजी झाडाची खरी फांदी बरी, एक जाड, एक बारीक, म्हणजे पाय दुखत नाहीत. बेर शेवा, दिमोनाच्या उन्हात पिंजरा गॅलरीत ठेवला तर अर्ध्या भागावर सावली हवीच. आणि एक छोटा, उचलायला हलका पिंजरा ममादमध्ये कायम ठेवा. 2025 च्या जूनमध्ये रात्री-बेरात्री सायरन वाजले तेव्हा सत्तर-ऐंशीच्या माणसांनी मोठा पिंजरा ओढत न्यायचा म्हणजे पडून हाड मोडायचं लक्षण. रोज एकदा दाणा दाखवून मिठूला त्या छोट्या पिंजऱ्यात जायची सवय लावली, की वेळेला तो आपण होऊन जातो.

आजी-आजोबांसाठी आणखी एक. पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला एक ताप येऊ शकतो. खोकला, डोकेदुखी, न्यूमोनियासारखं दुखणं. औषधाने बरा होतो, पण डॉक्टरला शंका यायला हवी. म्हणून कुप्पत खोलीममध्ये खोकल्यासाठी गेलात तर "माझ्या घरी पोपट आहे" हे आपणहून सांगा. ट्रे साफ करताना कागद आधी ओला करावा. आणि पोपट स्वतः आजारी पडला तर तो ते लपवतो. रानात दुबळा दिसला की शिकारी उचलतो, म्हणून हा स्वभाव. पिसं फुगवून तळाला बसलेला पोपट म्हणजे आधीच फार उशीर. त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यायचा.

आता आजींचं पत्र. राघू घरात पंचवीस-तीस वर्षं जगतो. जाको त्याहूनही जास्त. साठीत आणलेला पोपट आपल्यामागे राहणार, हा साधा हिशेब आहे, पण तो कुणी करत नाही. मला माहीत असलेल्या एका घरात असंच झालं. आजींचा राघू मराठी बोलायचा. "कोण आलं?" "जेवलास का?" ही दोन वाक्यं तर आजोबांच्याच आवाजात, आणि आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती. आजी बेत आवोतला गेल्या, पोपट मुलाकडे गेला. त्या घरात सगळे हिब्रू बोलणारे, सकाळी सातला बाहेर पडणारे. पोपट बोलायचा थांबला. मग छातीची पिसं गेली. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही.

मार्ग सापडला तो धाकट्या नातवामुळे. तो रोज संध्याकाळी आजींना फोन लावून पिंजऱ्याजवळ धरायला लागला. आजी तिकडून बोलायच्या, इकडे पोपट मान वाकडी करून ऐकायचा. मग नातवानेच आजींकडून ती वाक्यं शिकून घेतली. उच्चार अगदीच हिब्रू, "जेवलास" मधला ज पण वेगळाच. दीड-दोन महिने गेले, आणि एका सकाळी पोपटाने त्या पोराला "कोण आलं?" विचारलं. पिसं अजून पूर्ण आलेली नाहीत. पण तो खातो, बोलतो.

तर आजी, मुलाशी भांडू नका, पण जायच्या तारखेआधी दोन-तीन महिने मागून घ्या. ज्याच्या घरी मिठू जाणार त्याने आत्तापासून रोज तुमच्याकडे येऊन आपल्या हाताने त्याला खाऊ घालावा. पिंजरा, फांद्या, वाटी, वरचं कापड, सगळं जुनंच सोबत जाऊ द्या. एका वहीत लिहून ठेवा: काय खातो, काय खात नाही, कशाला घाबरतो, कधी झोपतो, कुठली वाक्यं बोलतो आणि त्यांना काय उत्तर द्यायचं. डॉक्टरचा नंबरही. वही मराठीत लिहिलीत तर नातवंडांना वाचून दाखवा आणि त्यांना हिब्रूत उतरवून घेऊ द्या. बेत आवोतच्या लोकांनाही एकदा विचारा, पाहुणा म्हणून पिंजरा महिन्यातून एकदा आणू देतात का. काही ठिकाणी बागेत बसू देतात.

आणि खजुराच्या झाडाखालच्या मुला, तुला पोपट हवाच असेल तर आधी ओळखीच्या आजी-आजोबांना विचार. ज्यांना आपला मिठू सांभाळायला कुणी हवं आहे अशी घरं आपल्या समाजात नक्की असतील. मुंबईला गेलास तर तिथून आणायचा विचार करू नकोस, भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली देशी पोपट पाळणं, विकणं गुन्हा आहे.

पुढच्या अंकात गॅलरीतल्या कढीपत्त्याविषयी. कुणाला पोपट द्यायचा असेल किंवा घ्यायचा असेल तर संपादकांकडे चिठ्ठी पाठवा, मराठीत किंवा हिब्रूत, कशीही. पोपट काय काय बोलतो तेही लिहा.