खापर मिठावर फोडू नका, आधी उघाडी बघा



आपल्या वसई-विरार पट्ट्यात खाजणातल्या शेताचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं. "ती जमीन खारट झालीय, आता तिच्यात काय पिकत नाय." बोलणारा कधी दलाल असतो, कधी साहेब, कधी आपलाच भाऊबंद. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "पडीकच आहे, भराव टाकला तर बिघडलं काय?"

माझं म्हणणं उलटं आहे. बऱ्याच ठिकाणी भराव आधी आला आणि जमीन मागून खारट झाली. कसं ते सांगतो.

जमिनीतलं मीठ पाण्यात विरघळून मुळांच्या खाली उतरतं आणि निचऱ्याबरोबर निघून जातं. साहेब लोक याला लिचिंग म्हणतात, पुस्तकात निक्षालन लिहितात. आपल्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. खारी मासळी रांधायच्या आधी पाण्यात भिजत घालतात, ते पाणी ओतून देतात, दुसरं घेतात. पाणी ओतलंच नाही तर मीठ जाणार कुठं? मासळी रात्रभर भिजली तरी खारटच राहणार. जमिनीचं पण तसंच आहे. वरून गोडं पाणी पाहिजे आणि खालून वाट पाहिजे. एक असून भागत नाही.

गोड्या पाण्याला आपल्याकडे तोटा नाही. एक फूट मातीतलं साधारण ऐंशी टक्के मीठ धुवायला एक फूट गोडं पाणी त्या मातीतून आरपार जावं लागतं, असा ढोबळ हिशोब आहे. आपल्याकडे पावसाळ्यात 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे साडेसहा फूट. एका गुंठ्यावर दोन लाख लिटर! वर्षाला एवढं पाणी फुकट मिळतं. पण आरपार जाईल तेवढंच कामाचं. शेतात नुसतं तुंबून राहिलेलं पाणी मीठ धूत नाही. पाऊस सरला की ऊन लागतं, पाणी वाफ होऊन उडतं आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं खालचं मीठ वर चढतं. मे महिन्यात ढेकळांवर पांढरा पापुद्रा दिसतो तो हाच.

जुन्या लोकांनी खारबंदिस्ती केली तेव्हा बांधाला उघाडी उगाच ठेवली नव्हती. भरतीचं पाणी झडपेला दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नको, माणूस नको. पण उघाडीपर्यंत पाणी पोचवायला नाळ लागते, आणि आज नाळच गायब आहे. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला एका बांधकामवाल्याने भराव केला आणि नाळेच्या जागी पाईप घातला. पाईप बसवला तो नाळेच्या तळापेक्षा दोन हात वर! म्हणजे तेवढं पाणी कायम आमच्या वावरात उभं. कागदावर मात्र "निचऱ्याची सोय केली आहे".

यावर सल्ले काय मिळतात? जिप्सम टाका. अहो, जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतो, त्याचं सोडियम सल्फेट होतं, ते पाण्यात विरघळतं. पुढं ते पाणी बाहेर जायला नको? शिवाय जिप्समचं काम चोपण जमिनीत, जिथं सामू साडेआठच्या वर जातो. आपल्या खाजणात बहुतेक मीठ समुद्राचंच, ते नुसत्या पावसाने धुतलं जातं. तपासणी न करता पोती विकत घेऊ नका.

दुसरा सल्ला बियाण्याचा. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारटपणा सोसणारे पनवेल 1, 2, 3 असे भाताचे वाण दिले, त्यांचे उपकार आहेत. पण वाण मीठ सोसतो, काढत नाही. साध्या भाताला मातीची क्षारता 3 डेसिसायमनपर्यंत चालते, त्यापुढं दर एककाला उत्पन्न सुमारे 12 टक्क्यांनी घटतं. दरवर्षी मीठ साचत गेलं तर सोसणारा वाण तरी किती सोसणार?

आणि हे दुखणं एकट्या शेतकऱ्याचं नाही. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा बुडालं, लोकल थांबली, मिठागरातली माणसं पाण्यात अडकली. मग कारणं शोधायला नीरी आणि आयआयटी मुंबईला बोलवावं लागलं. ज्या वाटेने आमचं मीठ जात होतं, त्याच वाटेने शहराचं पाणी जात होतं. वाट एकच, ती दोघांचीही बुजली.

वाट करून दिली की जमीन परत येते. शिरोळ तालुक्यात उसाला पाणी जास्त देऊन रानं क्षारपड झाली, तिथल्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकले आणि पडीक रानात पुन्हा ऊस उभा केला. त्यांना पाईपावर खर्च करावा लागला. आपल्याला आधी होती तेवढी नाळ परत मिळाली तरी पुष्कळ.

म्हणून मे महिन्यात तीन कामं करा. मातीचा नमुना द्या, आणि पाऊस संपल्यावर त्याच जागेचा परत द्या. दोन आकड्यांवरून मीठ उतरतंय की साचतंय ते कळतं. दुसरं, गावाने मिळून उघाडीची झडप आणि नाळेतला गाळ बघा. तिसरं, अर्ज द्या. पण त्यात नुसतं "शेती वाचवा" लिहू नका. नाळ किती फूट रुंद होती, आज किती उरली, पाईप तळापासून किती वर आहे, ते टेप लावून मोजा आणि लिहा. "शेती वाचवा"ला आश्वासन मिळतं. मोजमापाला उत्तर द्यावं लागतं.