हल्कचा डबा

तर झालं असं, की मागच्या जानेवारीत रात्री साडेअकराला मामेभावाचा जालन्याहून फोन. "ताई, हल्क तीन दिवस जेवला नाहीये गं." आवाज एकदम रडवेला.

हल्क म्हणजे त्याचा इग्वाना. हिरवागार, शेपटी धरून चार फूट. पुण्यातला एक कलीग परदेशी गेला, जाताना पिंजऱ्यासकट हल्कला याच्या गळ्यात मारून गेला. भाऊ वर्क फ्रॉम होम करत जालन्याला परतला, तर हल्कही आला. मामी दोन दिवस स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "घोरपडच आहे की ही! घोरपड अंडी खाते. दे त्याला अंडं."

इथेच घोळ झाला.

आमचा भाऊ जिमवाला. ओट्यावर प्रोटीनचा मोठा डबा, हातात शेकर. त्याने हल्कचंही डाएट बसवलं. रोज एक उकडलेलं अंडं, भिजवलेले हरभरे आणि वर सोया चंक्स. "बॉडी बनली पाहिजे ना!" हल्क खायचाही मजेत. वर्षभराने सुस्तावला, पायाची बोटं सुजली आणि मग खाणंच बंद.

मी सुट्टी टाकून गेले. हल्कला टॉवेलमध्ये गुंडाळून, खोक्यात ठेवून आम्ही छत्रपती संभाजीनगर गाठलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. युरिक अॅसिड वाढलेलं, अंगात पाणी कमी, किडनीवर ताण. डाएट ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, घोरपड मांसाहारी. हा पक्का शाकाहारी. दिसायला चुलत भाऊ वाटले, तरी ताटं वेगळी आहेत."

मंडळी, त्यांनी जे समजावलं ते ऐकाच. हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. झाडावर राहतो, पाला खातो. गाईचं पोट पुढे, याचं 'पोट' मागे. मोठ्या आतड्यात कप्पे असतात, तिथे जंतू पाला आंबवतात. १९८० च्या दशकात पनामात झालेल्या अभ्यासात दिसलं, की पिल्लं मोठ्यांची विष्ठा खाऊन हे जंतू मिळवतात. विरजणच म्हणा ना! प्रोटीन पचल्यावर उरलेला कचरा हा प्राणी युरिक अॅसिडच्या रूपात बाहेर टाकतो. अंड्याचा मारा आणि पाणी कमी, की ते अॅसिड किडनीत आणि सांध्यांत साचतं. माणसाला गाऊट होतो तसंच.

भावाचा चेहरा पडला. "पण हरभरे तर व्हेजच आहेत ना?"

बॉस, खरी मेख इथे आहे. शाकाहारी प्रोटीन म्हटलं की आपल्याला डाळ आठवते. इग्वानाचं प्रोटीन दाण्यात नाही, पाल्यात आहे. हरभऱ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त. याला हवं उलटं, फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. ते नाही मिळालं, की शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं आणि जबडा, पाय मऊ पडतात.

"घरी म्हैस आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "शेजाऱ्यांची आहे," मामी म्हणाली. "ती काय खाते?" "लसूणघास." "मग तोच यालाही." मामी हसायलाच लागली. परदेशात इग्वानावाले ज्या 'अल्फाल्फा'साठी पैसे मोजतात, तो हाच लसूणघास. वाळवला तर वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास प्रोटीन, वर कॅल्शियमही भरपूर.

दुसरा पदार्थ तर जालन्याचा हुकमी: तुतीचा पाला. आधी इथले शेतकरी रेशीमकोष विकायला थेट कर्नाटकात रामनगरला जायचे. २०१८ मध्ये जालन्यातच कोषांची बाजारपेठ सुरू झाली. रेशीम म्हणजे शुद्ध प्रोटीन, आणि ती अळी आयुष्यभर तुतीच्या पाल्याशिवाय काही खात नाही. पाल्यात काय प्रोटीन असणार, म्हणणाऱ्याने पैठणी नेसलेल्या मामीकडे बघावं! आणखी एक फायदा. औषध फवारलं तर अळ्याच मरतात, म्हणून रेशीमवाले तुतीवर कीटकनाशक टाळतात. तरी विचारून घ्या, धुऊन घ्या.

आता हल्कचा डबा असा असतो. मुख्य जेवण लसूणघास, तुती, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं. सोबत थोडी मेथी, भोपळ्याचा कीस, भेंडी. पालक क्वचित, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. कोबीही क्वचित. हरभरे बंद, अंडं तर नावालाही नाही. पाला ओलाच वाढायचा, कारण हा वाटीतलं पाणी फारसं पीत नाही.

नुसत्या डब्याने भागत नाही हं. पोटातल्या जंतूंना ऊब लागते. शेकायला एक जागा ३५ अंशांच्या आसपास हवी. जालन्याच्या जानेवारीतल्या रात्री म्हणजे त्याच्या पचनाला सुट्टीच. आणि कॅल्शियम अंगी लागायला यूव्हीबी प्रकाश हवा. तो खिडकीच्या काचेतून येत नाही. एकतर खास ट्यूब लावा, नाहीतर गच्चीवरचं ऊन. ते फुकट आहे.

हौस म्हणून आणायचा विचार असेल, तर कागद आधी बघा. वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले. अशा परदेशी प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. आणि आपली घोरपड? ती पहिल्या अनुसूचीत. पाळणं सोडाच, पकडणंही गुन्हा.

हल्क आता जेवतो. पण किडनीचं जे गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, असं ठरलंय. मामी रोज सकाळी गच्चीवर बसून पाला निवडते आणि त्याच्याशी गप्पा मारते. घोरपड म्हणत नाही आता, 'हल्क्या' म्हणते.

परवा भावाचा पुन्हा रात्री फोन. माझ्या पोटात धस्स झालं. म्हणाला, "ताई, मीपण प्रोटीन जरा जास्तच घेतोय का गं?"

म्हटलं, "डॉक्टरला विचार. आणि या वेळी माणसांच्या!"