हजेरीपटावरची माणसे : 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'च्या निमित्ताने

समुद्रसाहसावरच्या संगणकीय खेळांत खेळणाऱ्याच्या वाट्याला बहुधा कप्तानाची नाहीतर चाच्याची भूमिका येते. १९८७ मधल्या 'सिड मायर्स पायरेट्स!'पासून हा प्रघात चालत आला आहे : हाताशी जहाज, तोफा आणि समोर लुटीचे आमिष. लुकास पोप यांच्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) या खेळात मात्र आपण पोहोचतो तेव्हा सगळे साहस आटोपलेले असते. १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालेले एक व्यापारी जहाज वाटेत बेपत्ता होते आणि १८०७ मध्ये फाल्मथ बंदराशी तरंगत येऊन लागते. त्यावर जिवंत कोणी नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-निरीक्षक. हाती एक खिशातले घड्याळ आणि एक वही. वहीत जहाजावरच्या साठ जणांचा हजेरीपट. प्रत्येक नावापुढे त्या माणसाचे काय झाले, ते आपण लिहायचे.

या खेळाला हौशी म्हणता येणार नाही. पण चित्रे, संगीत, संहिता आणि तांत्रिक बांधणी हे सारे मुख्यतः एकाच माणसाचे काम आहे. २०१४ मध्ये त्याचा छोटासा नमुना सर्वांसाठी खुला झाला, आणि पुरा खेळ हाती यायला पुढची चार वर्षे लागली. त्याचे नाते चित्रपटापेक्षा आपल्याकडच्या साठोत्तरी अनियतकालिकांशी अधिक जवळचे वाटते. साधने तुटपुंजी, आकार बेताचा (दहाएक तासांत खेळ संपतो), आणि प्रत्येक निर्णयावर कर्त्याची मुद्रा. जुन्या मॅकिंटॉश संगणकांची आठवण करून देणारी, केवळ दोन रंगांतली त्याची चित्रे पाहिली तरी हे कळते.

साहित्याच्या अभ्यासकाला मोह पडावा तो त्याच्या निवेदनाचा. सांगाडा दिसला की घड्याळ उघडायचे. आधी नुसता अंधार आणि आवाज : पावले, ओरडणे, एखाददुसरे वाक्य. श्रुतिकेसारखा. मग मृत्यूचा तो एकच क्षण गोठलेल्या रूपात समोर येतो आणि त्यात आपण हिंडू शकतो. घटना उलट्या क्रमाने उलगडतात. परिणाम आधी, कारण नंतर. निवेदक नाही, खुलासा नाही. कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो, कोणाच्या झोपाळ्याला कोणत्या क्रमांकाची चिठ्ठी लटकली आहे, जेवायला कोण कोणाच्या पंगतीला बसतो, यांवरून माणसाचे नाव ताडायचे. मुख्य नाट्य एका कोपऱ्यात चालू असताना दुसऱ्या कोपऱ्यात कोणी दोरखंड वळत असतो, आणि कळीचा पुरावा नेमका त्याच्यापाशी असतो. सूक्ष्म वाचन म्हणजे काय हे वर्गात सांगताना आम्हा शिक्षकांची जी दमछाक होते, ती हा खेळ विनासायास वाचवतो. उत्तरे तीन-तीनच्या गटानेच पक्की होतात, त्यामुळे अंदाजपंचे नावे भरून भागत नाही.

आमची हरकत याच्या पुढची आहे. मराठीत 'भूमिका' या शब्दाला सोंग आणि मत असे दोन्ही अर्थ आहेत. या खेळात पहिली मिळते. दुसरी घेता येत नाही. आपण कंपनीचे कारकून आहोत, कंपनीचाच हजेरीपट वाचतो आहोत, आणि शेवटी आपल्याच नोंदींवरून कोणाच्या वारसांना भरपाई आणि कोणाच्या नावे दंड हे ठरते. कोणाच्या दप्तरातून इतिहास वाचायचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. कान्होजी आंग्रे मराठी वाचकाचे सरखेल असतात आणि कंपनीच्या कागदांत चाचे. खेळात मात्र त्या दप्तराबाहेर पाऊल टाकायला जागाच ठेवलेली नाही.

एवढे असते तर आम्ही त्याला रचनेची शिस्त म्हणून सोडून दिले असते. दप्तराचा कोरडेपणा वाचकाला अस्वस्थ करतो, आणि ते कदाचित अभिप्रेतही असेल. अडचण हजेरीपटावरच्या तीन नावांशी येते. सॉलोमन सय्यद, रेनफ्रेड राजुब, विल्यम वसीम. तिघेही खलाशी, मूळ देश : हिंदुस्थान. 'राजुब' हे 'रजब'चे बिघडलेले रूप असू शकते. पण 'रेनफ्रेड' कोठून आले? हे नाव कोणत्या घरात, कोणत्या बंदरात ठेवले गेले असेल, याची कल्पनाही करवत नाही.

कारकुनांनी परक्यांची नावे बिघडवली, हे त्या काळाचेच वास्तव नव्हे काय, असे कोणी म्हणेल. आम्हीही या युक्तिवादावर थोडे रेंगाळलो. पण त्याच यादीतल्या फॉर्मोसाच्या प्रवाशांची नावे, बुन-लान लिम, इट-बेंग सिया, तिथल्या बोलीला धरून आहेत. त्यांना मान होता म्हणून असे म्हणावे, तर वेई ली, जिए झांग या चिनी खलाशांची नावेही पटण्याजोगी आहेत. म्हणजे यादीचा काल्पनिक कारकून निर्दोष आहे. कानाडोळा झाला तो लेखकाकडून. आणि ज्या खेळात खरे नाव ओळखणे हाच विजय, तिथे 'रेनफ्रेड राजुब' हेच बरोबर उत्तर ठरते. दुसरे काही लिहिण्याची सोय नाही.

हे लोक इतिहासात काही अपरिचित नव्हते. पूर्वेकडे आलेल्या जहाजांवरचे युरोपीय खलाशी वाटेत मरत, पळून जात, किंवा इंग्रज आरमार त्यांना जबरीने उचलून नेई. परतीच्या वाटेसाठी कलकत्ता-मुंबईत लष्कर भरले जात. 'लष्कर' हा फार्सी शब्द इंग्रजीत 'लास्कर' होऊन खलाशाचा वाचक झाला. भरती सारंगामार्फत होई, त्याच्या हाताखाली तांडेल. दोन्ही शब्द कोकणात आजही आडनावे म्हणून नांदतात. इंग्लंडात पोहोचल्यावर पुष्कळांना परतीच्या जहाजाची वाट पाहत थंडीत दिवस काढावे लागत. त्यांच्या हालांची चौकशी करायला १८१४ मध्ये संसदेला समिती नेमावी लागली. रोझिना विसराम यांच्या 'आया, लास्कर्स अँड प्रिन्सेस' (१९८६) या ग्रंथात हे सविस्तर आले आहे. आणि अमिताव घोष यांच्या 'सी ऑफ पॉपीज' (२००८) मधला सारंग अली डोळ्यांसमोर आणला, की एका खलाशाला नाव, भाषा आणि धूर्तपणा देता येतो म्हणजे काय, ते दिसते. घोष यांना उपयोगी पडलेला टॉमस रोबक यांचा खलाशी बोलीचा कोश १८११ चा, म्हणजे ओब्रा डिन बंदराला लागल्यानंतर चारच वर्षांनी छापलेला.

या पार्श्वभूमीवर खेळातला दुसरा भाग पुन्हा पाहावा. जहाज अजून फार दूर गेलेले नाही. राक्षसी खेकडे, जलकन्या, बंड हे सारे पुढे व्हायचे आहे. सय्यद आणि राजुब फुप्फुसाच्या आजाराने मरतात, आधी एक, मग दुसरा. कोणी त्यांना मारत नाही. साहसकथेच्या दृष्टीने हे दोन सर्वांत निरुपयोगी मृत्यू, आणि आमच्या मते खेळातले सर्वांत खरे. जहाज लंडनहून पूर्वेकडे चालले होते, हे लक्षात घेतले तर ते दोघे घरी परतत असावेत असा आमचा तर्क. खेळ तसे कोठेही सांगत नाही. सगळी उत्तरे भरली तरी सांगत नाही.

विद्यार्थ्यांनी हा खेळ जरूर खेळावा, आणि जमल्यास दोघादोघांनी, शेजारी कोरा कागद घेऊन. इंग्रजी उच्चारांची भीती नको; संवाद अक्षरांतही उमटतात. स्कॉटिश आणि वेल्श वळणे मात्र कानांनीच टिपावी लागतील, कारण काही जणांची ओळख त्यावरच अवलंबून आहे. खेळ संपल्यावर हजेरीपटाचे पान पुन्हा उघडावे, आणि त्या तीन नावांपुढे आपल्या कागदावर, निदान पेन्सिलीने, दुसरे काही लिहून पाहावे.