दोन आठवड्यांची सेवा आणि सहा वर्षांची शाळा

१/१२
माटुंगा लेबर कॅम्पाच्या बाजूने धारावीत शिरताना परदेशी पाहुण्यांचे गट दिसतात. थोडी सेवा, थोडे पर्यटन, भरपूर छायाचित्रे. असे एखादे जोडपे समाजमाध्यमांवर झळकले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. ‘जुन्या मिशनऱ्यांचीच ही थोर परंपरा!’ आणि ‘जुन्या मिशनऱ्यांचेच हे कारस्थान!’ माझ्या मते दोन्ही पक्ष इतिहास न वाचताच भांडत आहेत. धागा लांबलचक आहे, पण शेवटपर्यंत या.

२/१२
फेब्रुवारी १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश दांपत्य मुंबईत उतरले. लग्नाला वर्षही झाले नव्हते. जॉन पंचविशीच्या आतला. मार्गारेट त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, मूळची ग्रीनॉकची, एका धर्मोपदेशकाची सुशिक्षित कन्या. मुंबईचा उन्हाळा तोंडावर होता. माल्कमने नुकतेच वसवायला घेतलेले महाबळेश्वर गोऱ्या साहेबांना खुणावू लागले होते. हे दोघे मात्र कोकणात गेले.

३/१२
हर्णै आणि बाणकोट. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, मागे माडांची रांग. पर्यटनाला याहून देखणी जागा कोणती? पण ते तिथे गेले मराठी शिकायला. स्कॉटिश मिशनची ठाणी तिथे आधीपासून होती. बाणकोटला आलेला त्यांचा पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये, आला त्याच वर्षी दगावला होता. म्हणजे या किनाऱ्यावर येणे काय असते, हे त्यांना ठाऊक होते. वर्षअखेरीस ते मुंबईला परतले, तेव्हा मराठीशी त्यांची ओळख झालेली होती.

४/१२
पुढची पाच वर्षे मार्गारेटने मुंबईत मुलींच्या शाळा काढण्यात आणि चालवण्यात घालवली. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपली परंपरा १८३२ पर्यंत, मार्गारेटपर्यंत नेते. १९ एप्रिल १८३५ रोजी ती मुंबईतच वारली. पुढे तिच्या दोन बहिणी येऊन त्याच कामाला लागल्या. आता सांगा, दोन आठवड्यांच्या सेवेला ‘याच परंपरेतली’ म्हणणे हा गौरव आहे की थट्टा?

५/१२
इथे ‘कारस्थान’ पक्ष सरसावेल : ‘हेतू धर्मांतराचाच होता ना?’ होता. आणि तो कुणी लपवलाही नव्हता! कारस्थान गुप्त असते. विल्सन भर सभेत वाद घालत होता. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी त्याच्याशी जाहीर वाद केला आणि त्याच वर्षी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक छापून उत्तर दिले. आपले पूर्वज भोळे होते, फसले, असे म्हणणारे मिशनऱ्यांपेक्षा आपल्याच पूर्वजांचा अधिक अपमान करतात.

६/१२
वाद फक्त पुस्तकी नव्हता, त्यात घरे पोळली. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला; प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, विल्सनच्या शाळेतली मुले पालकांनी काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत कोर्टाने वडिलांच्या हवाली केला. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. शिक्षणाची ही किंमत वगळून केलेली स्तुती अप्रामाणिकच.

७/१२
आता ‘देणगी’ पक्षाकडे वळू. ‘मिशनरी आले म्हणून आपल्या मुली शिकल्या’, हे वाक्य अर्धे खरे असल्यामुळेच अधिक घातक. मिशनच्या मराठी शाळांत शिकवत होते कोण? बहुतांशी इथलेच पगारी पंतोजी. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्रायली शिक्षकही. लोकनिंदा सोसून मुलीला पाठवणारी आई इथलीच. तिचे नाव कुठल्या फलकावर आहे?

८/१२
शिवाय धडा एकीकडून दुसरीकडे गेला, तो जसाच्या तसा नाही. १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी अहमदनगरला सिंथिया फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि पुण्यात स्वतःची काढली. १८४९ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या तरुणांच्या सभेने मराठी आणि गुजराती मुलींसाठी शाळा उघडल्या; जगन्नाथ शंकरशेटांनी आधार दिला. या शाळांत बाप्तिस्म्याची अट तर सोडाच, अपेक्षाही नव्हती. घेतलेले पारखून घेतले गेले. देणगी अशी पारखून घेतात काय?

९/१२
आणि मार्गारेटचे काय? १८३२ च्या इंग्रजी शाळेतून वाढलेल्या महाविद्यालयाला विल्सन हे नाव मिळाले, ते जॉनचे. लेण्यांच्या अभ्यासासाठी १८४८ मध्ये नेमलेल्या आयोगाचा अध्यक्षही जॉन. मार्गारेटचे चरित्र १८३८ मध्ये आले, तेही जॉनने लिहिलेले. तिची पत्रे आपल्यापर्यंत नवऱ्याच्या निवडीतून पोहोचतात; आणि तिच्या शाळेतल्या मुली तिच्या पत्रांतून. या दोन चाळण्यांतून जे उरते, त्यालाच आपण ‘पुरावा’ म्हणतो.

१०/१२
हे लिहिताना मी साळसूद राहू शकत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात मीही एका गावात गेले होते. आम्ही बंधारा घातला, किल्ला पाहिला, मुलांसोबत छायाचित्रे काढली. एकाही मुलाचे नाव आज मला आठवत नाही. बंधारा टिकला का, हे विचारायला मी कधी फिरकले नाही. तेव्हा परदेशी जोडप्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटे माझ्याकडेच वळलेली असतात.

११/१२
म्हणून माझा आक्षेप पर्यटनाला नाही. लेणी पाहा, सुवर्णदुर्ग पाहा, खुशाल पाहा; पण त्याला सेवा म्हणू नका. सेवेला कसोट्या आहेत. भाषा शिकलात का? लोकांना तुम्हाला तोंडावर ‘नको’ म्हणता येते का? तुम्ही गेल्यावर काम कुणाच्या हाती राहते? विल्सन दांपत्य पहिल्या कसोटीला उतरते. दुसरीला मुंबईने त्यांना भाग पाडले. तिसरीत यश आले, ते त्यांच्या मिशनच्या बाहेर, त्यांना अपेक्षित नसलेल्या हातांत. इतका गुंतागुंतीचा हिशेब ‘थोर’ किंवा ‘कपटी’ या एका शब्दात बसवणारा माणूस इतिहास सांगत नसतो, घोषणा देत असतो.

१२/१२
शेवटी एक साल लक्षात ठेवा : १८५५. मार्गारेट जाऊन वीस वर्षे झाली होती. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. नियतकालिक अमेरिकन मिशनचे, शाळा फुल्यांची, प्रश्न मात्र मुक्ताचे स्वतःचे : महार-मांगांच्या दुःखाविषयीचे, त्यांच्या धर्माविषयीचे. इथे मधे चाळणी नाही. मुलगी स्वतः बोलते आहे. पुढच्या वेळी सेवेचे एखादे छायाचित्र समोर आले, तर मधे उभ्या असलेल्या पाहुण्यांना क्षणभर बाजूला सारा आणि कडेच्या मुलीकडे पाहा. ती काय म्हणते, हे कुणी छापले आहे का, एवढेच विचारा.